गोळी सुरू झाली त्या दिवसापासूनच गट बदला: आयपीटी, क्षयरोग आणि वेळेनुसार बदलणारं एक्स्पोजर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रातल्या व्हाइट कार्डांवरून, म्हणजे रुग्णांच्या नोंदपत्रांवरून, तुम्ही एचआयव्हीबाधित रुग्णांचा कोहोर्ट, म्हणजे काळाच्या ओघात पाहिलेला गट, बांधलात. क्षयरोग होऊ नये म्हणून दिली जाणारी आयसोनियाझिड, म्हणजे आयपीटी, सहा महिने पूर्ण घेतलेले एका गटात टाकले आणि उरलेले सगळे दुसऱ्या गटात. नोंदणीपासून क्षयरोगाच्या निदानापर्यंतचा काळ घेऊन कॉक्स मॉडेल (घटना किती वेगाने घडते याची गटांत तुलना करणारं) चालवलं, तर हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, 0.1 च्या आसपास आला. गाइड खूश झाले, पण रिव्ह्यूअरने शेरा मारला की एक्स्पोजर (इथे आयपीटी) वेळेनुसार बदलतं आणि इम्मॉर्टल टाइमचा, म्हणजे ज्यात त्या गटातल्या माणसाला आजार होणंच शक्य नसतं अशा 'अमर' काळाचा, विचार झालेला नाही. आता सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) आणि एआरटी ही टाइम-डिपेंडंट, म्हणजे काळानुसार बदलणारी, व्हेरिएबल म्हणून मॉडेलमध्ये घातली की भागेल का, असं तुम्ही विचारता.

अर्धंच भागेल. इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. माणूस कुठल्या दिवशी कुठल्या गटात होता हे तुमच्या टेबलात चुकीचं नोंदलं गेलंय, ही पहिली. ती टेबल नव्याने मांडून पूर्णपणे दुरुस्त होते. दुसरी अडचण अशी की अमुक रुग्णाला अमुक महिन्यातच आयपीटी का सुरू झाली, याचं कारण क्षयरोगाच्या धोक्याशी जोडलेलं आहे. कॉक्स मॉडेलमध्ये आणखी चार व्हेरिएबल कोंबून ती सुटत नाही, कधीकधी वाढतेच.

पहिल्या अडचणीचा आकार आधी आकड्यांत बघा, कारण तो अंदाजापेक्षा मोठा निघतो. समजा आयपीटीचा काडीचाही उपयोग नाही. नोंदणी झालेले 1000 रुग्ण, प्रत्येकाला क्षयरोग होण्याचा दर वर्षाला शंभरात 5, फॉलो-अप दोन वर्षं. पहिल्या वर्षात 50 जणांना क्षयरोग झाला. उरलेल्या 950 पैकी 400 जणांची आयपीटी बरोबर वर्षाच्या शेवटी पूर्ण झाली. दुसऱ्या वर्षात या 400 पैकी 20 जणांना आणि बाकी 550 पैकी साधारण 28 जणांना क्षयरोग झाला. आता तुमच्या पद्धतीने मोजा. 'पूर्ण केलेल्या' गटात 20 केसेस आणि सुमारे 790 व्यक्ती-वर्षं (प्रत्येकाच्या फॉलो-अपच्या वर्षांची बेरीज), म्हणजे शंभरी 2.5. 'न केलेल्या' गटात 50 अधिक 28 मिळून 78 केसेस आणि सुमारे 1111 व्यक्ती-वर्षं, म्हणजे शंभरी 7.0. गुणोत्तर आलं 0.36. औषधात दम नाही, तरी धोका जवळपास दोन-तृतीयांशाने कमी झालेला दिसतो!

झालं असं, की त्या 400 जणांना पहिल्या वर्षात क्षयरोग होणं शक्यच नव्हतं. झाला असता तर ते 'पूर्ण केलेल्या' गटात आलेच नसते. तरीही ते वर्ष त्यांच्या खात्यात जमा झालं आणि त्या वर्षातल्या सगळ्या 50 केसेस मात्र समोरच्या गटाच्या माथी पडल्या. तेच वर्ष सर्वांसाठी 'अजून पूर्ण नाही' या खात्यात टाका. तिथे 78 केसेस आणि 1511 व्यक्ती-वर्षं होतात, दर शंभरी 5.16. पूर्ण झाल्यानंतरच्या खात्यात 20 केसेस, 390 व्यक्ती-वर्षं, दर 5.13. गुणोत्तर 0.99, म्हणजे खरं उत्तर परत मिळालं.

ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या हृदयप्रत्यारोपणाच्या नोंदींमध्ये हेच झालं होतं: नवं हृदय मिळेपर्यंत जगलेलेच प्रत्यारोपणाच्या गटात मोजले गेले. संख्याशास्त्रज्ञ गेल यांनी 1972 मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि मँटेल व बायर यांनी 1974 मध्ये माणसाला प्रत्यारोपणाच्या दिवशी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवण्याची पद्धत मांडली. त्या 103 रुग्णांचा डेटा आजही आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या सर्वायव्हल पॅकेजमध्ये मिळतो. स्वतःचा डेटा हातात घेण्यापूर्वी त्यावर एकदा सराव करा, तासाभराचं काम आहे.

आता टेबल. एका रुग्णाची एक ओळ, ही सवय सोडायची. रुग्णाची कुठलीही स्थिती बदलली की नवी ओळ. समजा एक रुग्ण नोंदणीनंतर 21व्या दिवशी एआरटीवर गेला, 95व्या दिवशी आयपीटी सुरू झाली, 275व्या दिवशी ती संपली आणि 410व्या दिवशी क्षयरोगाचं निदान झालं. सीडी4 नोंदणीच्या दिवशी 212 आणि 180व्या दिवशी 305. त्याच्या ओळी अशा होतील:

0 ते 21: एआरटी नाही, आयपीटी नाही, सीडी4 212, क्षय 0
21 ते 95: एआरटी आहे, आयपीटी नाही, सीडी4 212, क्षय 0
95 ते 180: एआरटी आहे, आयपीटी चालू, सीडी4 212, क्षय 0
180 ते 275: एआरटी आहे, आयपीटी चालू, सीडी4 305, क्षय 0
275 ते 410: एआरटी आहे, आयपीटी संपलेली, सीडी4 305, क्षय 1

प्रत्येक ओळीत फक्त त्या ओळीच्या सुरुवातीला माहीत असलेलीच गोष्ट लिहायची. नियम ऐकायला सोपा आहे, पण मोडला जातो तो इथेच. सीडी4 212 वरून 305 वर गेला म्हणून मधल्या महिन्यांसाठी 230, 260 असे आकडे भरू नका. 100व्या दिवशी 180व्या दिवसाचा रिपोर्ट कोणाच्याही हातात नव्हता. शेवटचा खरा आकडा पुढे ओढा आणि तो किती दिवसांचा जुना आहे हे वेगळ्या रकान्यात ठेवा. व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी नियमित सुरू झाल्यावर स्थिर रुग्णांची सीडी4 तपासणी विरळ झाली, त्यामुळे हा रकाना नुसता शोभेचा राहत नाही.

तारखा आपटतात तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. आयपीटी सुरू झाल्याच्या दिवशीच क्षयरोगाचं निदान नोंदलेलं असेल, तर ती केस जुन्या स्थितीत जाते, म्हणजे 'आयपीटी नाही' मध्ये. आरमधलं टीमर्ज हे फंक्शन आपोआप असंच करतं, कारण त्याच्या लेखी बदल त्या दिवसानंतर लागू होतो. नोंदणीच्याच दिवशी आयपीटी सुरू असेल, तर ती पहिल्या ओळीपासून 'चालू' धरा. शून्य लांबीची ओळ ठेवलीत तर मॉडेल अडखळेल. स्टाटा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एसटीसेट या कमांडमध्ये रुग्णाचा क्रमांक द्यायला विसरू नका, नाहीतर पाच ओळी म्हणजे पाच माणसं समजली जातील. दुसऱ्या केंद्रातून बदलून आलेला रुग्ण तुमच्याकडे दाखल झाला त्या दिवसापासूनच धोक्यात मोजा, त्याने तिकडे एआरटी सुरू केली त्या दिवसापासून नाही. तिकडे क्षयरोगाने गेलेले तुमच्या टेबलात कधी येणारच नव्हते, म्हणजे हाही अमर काळच, फक्त वेगळ्या दाराने आत आलेला.

एक्स्पोजर दोन नाही, किमान तीन स्थितींत ठेवा: घेतली नाही, चालू, संपलेली. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या थिबेला चाचणीत, 2014, आयसोनियाझिड चालू असताना क्षयरोग कमी झाला आणि गोळी थांबल्यावर ते संरक्षण लवकरच ओसरलं. जिथे संसर्ग पुन्हापुन्हा होतो तिथे 'चालू' आणि 'संपलेली' यांची सरासरी काढून एकच आकडा दिलात, तर तो दोन्ही काळांसाठी चुकीचा असू शकतो. अर्धवट सोडलेले रुग्ण 'घेतली नाही' मध्ये टाकू नका. सोडल्याच्या तारखेपासून त्यांची चौथी स्थिती करा. बरेचजण खोकला-ताप सुरू झाला म्हणूनच सोडतात, आणि त्यांना 'घेतली नाही' मध्ये सरकवलंत की औषध पुन्हा आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

आयपीटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सापडलेला क्षयरोग बहुधा आधीपासूनच आत होता, स्क्रीनिंगमध्ये निसटला. म्हणून लॅग ठेवतात, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस 'चालू' मध्ये मोजत नाहीत. पण 30 दिवस की 90, हे डेटा सांगत नाही, तुम्हाला सांगावं लागतं. 0, 30 आणि 90 अशा तिन्हींची उत्तरं एकाच टेबलात द्या. 0 वरून 90 वर जाताना रेशो फार घसरला, तर तुमच्याकडचं स्क्रीनिंग ढिलं होतं, हे त्यातून वाचणाऱ्याला कळतं.

इथपर्यंत पहिली अडचण मिटते. दुसरी अवघड आहे. आयपीटी सुरू करण्यापूर्वी खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं ही चार लक्षणं विचारतात. एकही असेल तर त्या दिवशी आयपीटी नाही, रुग्ण तपासणीला जातो. त्यामुळे 'घेतली नाही' या खात्यात लक्षणं असलेली, म्हणजे लवकरच क्षयरोग निघण्याची शक्यता असलेली माणसं साठत जातात. मग लक्षणं हे टाइम-डिपेंडंट व्हेरिएबल म्हणून घालावं असं मनात येतं. पण आयपीटी काम करते ती आतला जंतू वाढू न देऊन, म्हणजेच लक्षणं येऊ न देऊन. सुरू झाल्यानंतरची लक्षणं मॉडेलमध्ये घातलीत, की औषधाच्या परिणामाचा मधला रस्ताच तुम्ही बंद केलात. न घालावं तर कन्फाउंडिंग (तिसऱ्याच कारणामुळे होणारी फसगत) उरतं, घालावं तर परिणाम कापला जातो. साध्या कॉक्समध्ये या पेचातून सुटका नाही. संख्याशास्त्रज्ञ रॉबिन्स यांनी 1986 मध्ये याच जातीच्या प्रश्नावर जी-फॉर्म्युला ही गणिती पद्धत मांडली, ती कारखान्यातल्या कामगारांच्या संदर्भात: आजारी पडणारा काम सोडतो, म्हणून कामावर उरलेले निरोगी दिसतात.

हा पेच किती फसवू शकतो याचं ठळक उदाहरण झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या औषधाचं आहे. अमेरिकेच्या मल्टीसेंटर एड्स कोहोर्ट स्टडीतल्या एचआयव्हीबाधित पुरुषांवर हर्नान, ब्रुमबॅक आणि रॉबिन्स यांनी 2000 मध्ये केलेल्या विश्लेषणात, औषध घेणाऱ्यांचा मृत्युदर नुसता पाहिला तर 3.6 पट होता. सुरुवातीचा सीडी4 वगैरे धरून 2.3 पट. आणि वाटेत बदलणारा सीडी4 वजनांनी, म्हणजे प्रत्येक रुग्णाला कमी-जास्त मोजून, सांभाळला तेव्हा 0.7. डॉक्टर ज्यांचा सीडी4 घसरतोय त्यांनाच औषध देत होते, म्हणून औषध मारक भासत होतं. तुमच्या बाबतीत दिशा उलटी आहे. आयपीटी मिळते ती लक्षणं नसलेल्याला, म्हणून ती आहे त्याहून गुणकारी भासणार.

वजनं कशी लावतात ते एका माणसावर बघू. टेबल महिन्या-महिन्याचं करा. अजून आयपीटी सुरू न झालेल्या प्रत्येक माणसासाठी, त्या महिन्यात ती सुरू होण्याची शक्यता दोन लॉजिस्टिक मॉडेलांनी (हो-नाहीची शक्यता सांगणाऱ्या) काढा. वजन हा अपूर्णांक आहे: एका मॉडेलचं उत्तर अंशात जातं, दुसऱ्याचं छेदात. छेदाच्या मॉडेलमध्ये सुरुवातीची आणि बदलती दोन्ही माहिती: वय, सीडी4, शरीराचं वजन, एआरटी, मागची भेट, कॅलेंडरचा महिना. अंशाच्या मॉडेलमध्ये फक्त सुरुवातीची माहिती आणि काळ. समजा एखाद्याची छेदातली शक्यता दर महिन्याला 0.05 आणि अंशातली 0.10. पहिले दोन महिने सुरू झाली नाही, म्हणजे दोनदा 0.90 भागिले 0.95, म्हणजे 0.947. तिसऱ्या महिन्यात सुरू झाली, 0.10 भागिले 0.05, म्हणजे 2. गुणाकार साधारण 1.79. ज्याच्यासारख्यांना सहसा गोळी मिळत नाही त्याला ती मिळाली, म्हणून तो जवळपास दोघांइतका मोजला जातो. सुरू झाल्यानंतरचे महिने 1 ने गुणायचे. एलएफयू (फॉलो-अपमधून गळालेले) आणि ट्रान्स्फर आउट (दुसऱ्या केंद्रात गेलेले) यांच्यासाठी याच पद्धतीने वेगळी वजनं काढा आणि आधीच्यांशी गुणा. शेवटचं मॉडेल वजनांसह चालवताना रोबस्ट स्टँडर्ड एरर (एकाच माणसाच्या अनेक ओळी असतात हे धरून काढलेली अनिश्चितता) रुग्णाच्या क्रमांकावर घ्या.

(आयपीटी हे औषध आणि आयपीटीडब्ल्यू (इन्व्हर्स प्रोबॅबिलिटी ऑफ ट्रीटमेंट वेट्स) ही वरची वजनं, या दोन नावांचा घोळ थीसिसमध्ये हमखास होतो. वजनांना मराठीतच 'वजनं' म्हणा.)

निकाल बघण्याआधी वजनं बघा. सरासरी 1 च्या अगदी जवळ हवी. 1.4 आली तर छेदाचं मॉडेल चुकलंय, बहुधा काळाला सरळ रेष लावली म्हणून. तिथे स्प्लाइन, म्हणजे वळणारी रेष, लावा. सगळ्यात मोठं वजन 60 निघालं, तर त्या रुग्णाचं कार्ड काढून वाचा. निम्म्या वेळा तारीख उलटी लिहिलेली असते. 1व्या पर्सेंटाइलखालची आणि 99व्या पर्सेंटाइलवरची वजनं त्या मर्यादेवर छाटणं मान्य आहे, पण छाटण्यापूर्वीचं उत्तरही द्या.

पण तुमच्या डेटात ही सरळ वजनं एका ठिकाणी मोडतात. लक्षणं असलेल्याला त्या महिन्यात आयपीटी सुरू होण्याची शक्यता कमी नसते, शून्य असते. यकृताचा आजार असलेल्यालाही तसंच. शून्याने भागता येत नाही आणि मॉडेलने 0.001 असा आकडा काढून दिला तरी तो खोटा आहे. म्हणून अशा प्रश्नात मी एकामागून एक चाचण्या उभ्या करण्याकडे झुकतो. प्रत्येक महिन्याची 1 तारीख ही एका छोट्या चाचणीची सुरुवात समजा. त्या दिवशी पात्र कोण? एआरटीवर आहे, आधी आयपीटी घेतलेली नाही, क्षयरोग नाही, शेवटच्या भेटीत चारही लक्षणं नाहीत, यकृताची अडचण नाही. त्या महिन्यात ज्याने सुरू केली तो एका बाजूला, नाही केली तो दुसऱ्या. सगळी कन्फाउंडर त्या दिवशीच्या किमतीवर गोठवा आणि घड्याळ तिथून सुरू करा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. न घेतलेला माणूस पुढच्या चाचणीत पुन्हा पात्र ठरू शकतो, म्हणून सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर रोबस्ट एरर रुग्णावर हवीच. याने लक्षणांचा पेच जवळपास सुटतो, कारण दोन्ही बाजूंची माणसं त्या दिवशी लक्षणमुक्त असतात आणि नंतरची लक्षणं मॉडेलमध्ये लागतच नाहीत. न घेतलेल्याने पुढे आयपीटी सुरू केली तर मुख्य विश्लेषणात त्याला आहे तिथेच राहू द्या. उत्तर थोडं 1 कडे सरकेल, पण ते प्रामाणिक असेल. त्याला तिथे सेन्सॉर करून, म्हणजे त्या दिवसापासून मोजणं थांबवून, वजनं लावलेलं उत्तर सोबत जोडा. गाइडला समजावायलाही हे वजनांपेक्षा सोपं जातं.

'सुरू केली' ऐवजी 'पूर्ण केली' याच प्रश्नावर अडून बसायचं असेल, तर प्रत्येक पात्र रुग्णाची दोन प्रतींत नक्कल करून, ठरलेल्या मार्गावरून ढळलेली प्रत सेन्सॉर करून वजनं लावावी लागतात. स्टॅटिस्टिशियन शेजारी बसलेला असेल तरच त्यात उतरा. एवढं नको असेल तर लँडमार्क घ्या: पात्र झाल्यापासून नवव्या महिन्यापर्यंत क्षयरोग न झालेलेच घ्या, त्या दिवशी पूर्ण झाली की नाही ते बघा, पुढचा काळ मोजा. साधं आहे, पण पहिल्या नऊ महिन्यांतल्या केसेस हातच्या जातात.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच तपासा. आयपीटीवाले गोळ्यांसाठी दर महिन्याला येत होते आणि बाकीच्यांना दोन-तीन महिन्यांची एआरटी एकदम मिळत होती का? तसं असेल तर पहिल्यांचं स्क्रीनिंग जास्त वेळा झालं, त्यांचा क्षयरोग लवकर सापडला आणि औषध आहे त्याहून दुबळं दिसलं. भेटींची संख्या दोन्ही बाजूंना मोजून मांडा. दुसरं, फार्मसीचं स्टॉक रजिस्टर मागून घ्या. केंद्रात आयसोनियाझिड पहिल्यांदा कधी आली आणि कुठल्या महिन्यांत संपली होती, याच्या तारखा रुग्णाच्या प्रकृतीशी संबंधित नसतात. गोळ्या असलेले आणि नसलेले शेजारशेजारचे महिने यांतले लक्षणमुक्त रुग्ण ताडून पाहिलेत, तर मुख्य उत्तराची स्वतंत्र पडताळणी होते. व्हाइट कार्डावर हे कुठेच नसतं.

नवा रेशो आल्यावर तो कशाशी ताडायचा? केपटाऊनजवळच्या खायेलित्शामध्ये एआरटीवरच्या रुग्णांना 12 महिने आयसोनियाझिड देऊन केलेल्या चाचणीत, 2014, हॅझर्ड रेशो 0.63 होता. तुमचे रुग्ण, तुमचा कालावधी, तुमचा संसर्ग वेगळा आहे, त्यामुळे 0.5 किंवा 0.8 आला तर घाबरू नका. 0.1 च आला तर टेबल पुन्हा उघडा.

मॉडेल चालवण्याआधी एकच मोजणी करा: प्रत्येक स्थितीत किती व्यक्ती-वर्षं आणि क्षयरोगाच्या किती केसेस. 'संपलेली' या खात्यात सहाच केसेस असतील, तर दहा कन्फाउंडरांचं मॉडेल त्या सहा माणसांवर उभं राहणार नाही. तेव्हा 'चालू' आणि 'संपलेली' नाइलाजाने एकत्र करा, तसं स्पष्ट लिहा आणि हे मोजणीचं टेबल रिव्ह्यूअरला सर्वात आधी दाखवा.